खळ्यातला तरवा

काशीरामाचे बैल कुणाच्या शेतात कधी जायचे, हे वाडीत कुणाला सांगावं लागत नसे. आधी काशीरामाची स्वतःची खाचरं, मग त्याच्या सख्ख्या भावाची, मग ज्या घरात पुरुषमाणूस हजर असेल त्या घराची, आणि एवढं सगळं उरकून बैलांच्या अंगात जीव उरलाच, तर हौसाचा खालचा मळा. हौसा मात्र त्याआधीच काशीरामाच्या खाचरांत लावणीला वाकलेली असायची. तिचे दिवस आधी, त्याचं जोत, म्हणजे बैल आणि नांगर, नंतर. एका दिवसाच्या जोताला बाईचे तीन दिवस, असा वाडीचा भाव होता. तो कुणी ठरवला म्हणाल, तर ज्यांच्याकडे बैल होते त्यांनी. दुसरं कोण ठरवणार?

आता तुम्ही म्हणाल, नवरा मुंबईला असतो तर तिनंच नांगर का धरू नये. धरून बघा आमच्याकडे. बाईचा हात नांगराला लागला की पाऊस फिरतो म्हणतात. जसा काही पावसाला दुसरा धंदाच नाही, बाईचा हात कुठे लागतो तेवढंच बघत तो बसलेला असतो. कुदळीला हात चालतो, विळ्याला चालतो, शेणाच्या हाऱ्याला तर चालतोच चालतो. नांगराला तेवढा चालत नाही.

खालचा मळा खोलगट होता, पाणी धरणारा, सबंध वाडीत असा कसदार तुकडा दुसरा नव्हता. पण लावणीच मुळात उशिरा, त्यामुळे दाणा भरायच्या वेळेला जमिनीत ओल राहत नसे. झोडणी करून हौसा भात वाऱ्यावर धरायची, तेव्हा अर्ध्याच्या वर पळंजच उडून जायचं, नुसती टरफलं. लागोपाठ दोन सालं असं झालं, आणि चौऱ्याऐंशीच्या शिमग्याला तिचा नवरा शिवा मुंबईहून घरी आला तेव्हा काशीरामानं त्याला घरापुढच्या खळ्यात गाठलं.

काशीराम म्हणजे शिवाचा थोरला चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हता. अडीअडचणीला धावायचा, पण आपल्याला सगळं कळतं असा त्याचा पक्का समज. तो म्हणाला, मळा फुकट जातोय, मला अर्धलीनं दे, निम्मं भात तुझ्या बायकोला घरबसल्या मिळेल. शिवानं सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाला, यंदाचं साल बघू दादा, यंदाही नाही पिकला तर घे.

हौसा आत चुलीपाशी होती. भाकरी तव्यावर करपली तरी तिचा हात हलला नाही. अर्धलीनं गेलेला मळा परत आल्याचं तिनं आजवर ऐकलं नव्हतं. आणि घरबसल्या कसलं? लावणी, बेणणी, कापणी तिलाच करायला लागणार होती, फक्त स्वतःच्या मळ्यात दुसऱ्याची मजूर म्हणून. दोन पोरं, सासू आणि ती, एवढ्या तोंडांना निम्मं भात दिवाळीपर्यंतसुद्धा पुरलं नसतं. तिला राग आला तो काशीरामाचा नाही. आपण चार हातांवर बसलेलो असताना आपल्याला कुणी विचारलं नाही, याचा आला.

खेडला एस्टी स्टँडवर शिवाला पोचवायला ती गेली, तेव्हा तिनं ते बोलून दाखवलं.

"मला विचारायचं तरी."

"तू काय सांगणार होतीस?" शिवानं विचारलं.

"नाय म्हणून."

शिवा हसला. दादाला दुखवून चालेल का, बैल त्याचे आहेत, असं काहीसं म्हणाला, तेवढ्यात मुंबईची गाडी लागली आणि तो वळकटी सावरत चढला. हौसा रिकाम्या फलाटावर थोडा वेळ उभी राहिली. यंदा लावणी वेळेवर झालीच पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पण वेळेवर म्हणजे कशी? लावणीला तरवा लागतो, म्हणजे भाताची लहान रोपं. तरव्यासाठी राब भाजायचा, म्हणजे माळावरच्या तुकड्यावर पालापाचोळा जाळायचा, तिथे बी पेरायचं, वर हलकं जोत फिरवायचं. म्हणजे आलेच परत काशीरामाचे बैल. पहिल्या पायरीपासूनच ती त्यांच्या शेपटीला बांधलेली.

मग तिला आठवली आदल्या सालची चटई.

आदल्या पावसाळ्यात शेतकीचे साहेब सायकल हाणत वाडीत आले होते. त्यांनी शेतकऱ्यांना काशीरामाच्या खळ्यात जमवलं. शेतकरी म्हणजे कोण, तर म्हातारे आणि दोनतीन रिकामटेकडे. लावणी जन्मभर करणाऱ्या बायका माजघरातून पाण्याचे तांबे पुरवत होत्या. साहेबांनी नवी पद्धत सांगितली. राब नको, जोत नको, शेतच नको. खळ्यात केळीची पानं दांडे काढून अंथरायची, त्यावर मोड आलेलं भात दाट पसरायचं आणि पाणी शिंपायचं. पहिले चारपाच दिवस सकाळ-संध्याकाळ तळहातानं हलकेच दाबायचं, म्हणजे मुळं वर उचलली जात नाहीत, एकमेकांत गुंततात. दोन आठवड्यांत तरवा तयार. चटईसारखा गुंडाळायचा आणि काखेत मारून शेतात न्यायचा. म्हातारे खोखो हसले, पण काशीरामानं मोठ्या तोऱ्यात बी भिजत घातलं.

आणि झालं काय? काशीरामानं पानं अंथरली, भात पसरलं, पाणी तर पडवीत उभं राहून लोट्यानं मारलं. पण दाबायला बसणार कोण? उकिडवं बसून दोन्ही हातांनी खळं चोपायचं म्हणजे थेट सारवण घालणंच की! काशीराम सारवायला बसला, अशी बोंब वाडीभर झाली असती. गोदाला, म्हणजे बायकोला सांगावं, तर साहेबांनी काम त्याला सांगितलेलं; ते बायकोकडे द्यायचं कसं? चौथ्या दिवशी मुळं वर आली, उन्हानं सुकली, उरलेलं कोंबड्यांनी टिपलं. काशीरामानं सगळं खापर गोदावर फोडलं, कोंबड्या तू मोकळ्या सोडल्यास म्हणून, आणि साहेबांची चटई भिकार म्हणून वाडीनं निकाल दिला.

पाण्याचा तांबा घेऊन हौसा त्या दिवशी दाराआड उभी होती. तिला दाबण्याचं तेवढं नेमकं ऐकू आलं होतं, कारण ते कानाला ओळखीचं वाटलं. पुढे यंदाच्या वैशाखात साहेब रस्त्यात भेटले तेव्हा तिनं पदर सावरून विचारलंच. घरी पुरुष कोण आहे, असं त्यांनी आधी विचारलं. मुंबईला आहे म्हटल्यावर डोकं खाजवलं, पण माणूस भला, सायकल झाडाला टेकवून सगळं पुन्हा सांगितलं. एक गोष्ट मात्र बजावली. हा तरवा थांबत नाही. राबातला तरवा आठ दिवस उशीर सोसतो. चटई दोन आठवड्यांनंतर आतल्या आत गुदमरून पिवळी पडते. तेव्हा शेत तयार असल्याशिवाय बी भिजवायचं नाही.

म्हणजे अडचण होतीच. तरवा बैलांशिवाय होईल, पण मळ्याची चिखलणी, पाण्यात नांगरून चिखल करायचा ती, कोण करणार? हौसानं मनाशी म्हटलं, आधी हातात तरवा तर येऊ दे.

मृगात दोनचार सरी पडल्या आणि वाडीचे राब हिरवे झाले. काशीराम मिशीवरून हात फिरवायला लागला. तरी कधी पेरणार तू, असं हौसाला जो तो विचारायचा, आणि ती बघू बघू म्हणायची. मग पाऊस जो गडप झाला, तो झालाच. ऊन असं पडलं की वैशाख परवडला. राबात बोटभर आलेला तरवा आधी शेंड्याला लाल झाला, मग बुडापर्यंत करपला. विहिरी उतारावर आणि राब माळावर; पाणी नेणार तरी किती? लोकांनी कपाळाला हात लावले.

त्याच दिवसांत दाभोळकडची साबेरा सुक्या मासळीची टोपली घेऊन आली. हौसाकडे नेहमीची पाणी प्यायला टेकायची. ती म्हणाली, वारा फिरलाय बाई, खाडीच्या तोंडाला लाटा उलट्या मारतायत, चारसहा दिवसांत पाऊस येतोय बघ. हौसानं तिला केळफूल दिलं आणि घरात फाटकं जाळं असेल तर पुढच्या खेपेला आण म्हणून सांगितलं. जाळं कशाला, तर कोंबड्यांना. साबेरा हसत गेली आणि दुसऱ्याच दिवशी जाळं घेऊन आली.

त्या संध्याकाळी हौसानं बियाण्याचं सगळं भात भिजत घातलं. मागे काही ठेवलं नाही. पाऊस आला नाही तर बीही जाणार, मळाही जाणार, आणि वर वाडी हसणार ती निराळी.

मोड आले. खळ्यातल्या मांडवाखाली तिनं पानं अंथरली, भात पसरलं, वर जाळं बांधलं. सकाळ-संध्याकाळ ती खळ्यात उकिडवी बसायची आणि तळहातानं दाबत जायची, जास्त जोरात नाही, कमी नाही, सारवताना बोटं फिरतात तशी. येणारेजाणारे बांधावरून म्हणायचे, हौसा खळं थोपटून निजवतेय. म्हणू देत. कोंब सुईसारखे वर आले, खाली मुळांची जाळी झाली, आणि कोपरा धरून उचलून बघितला तर सबंध तुकडा उचलला गेला. हौसा एकटीच हसली.

पाऊस आला तो साबेराच्या शब्दाला जागून. ओढे भरले. काशीरामानं बैल बाहेर काढले, आपली खाचरं चिखलली, फळी फिरवून आरशासारखी केली. पण लावणार काय? पाहुण्यांच्या गावाला माणूस धाडला, तो हात हलवत परत आला. तिकडेही राब जळालेले. दुसऱ्यांदा पेरलेला राब यायला महिना लागला असता. आणि इथे शेजारच्या खळ्यात हिरवागार तरवा वाऱ्यावर डोलत होता.

काशीराम आला आणि चटयांभोवती एक फेरी मारून उभा राहिला.

"तरवा चांगला धरलाय, हौसे. उद्या माझ्या खाचरांत आण. मळ्याचं मग बघू."

"आदी मळा, भावजी."

"बैल दमलेत."

"मग दम खाऊ देत," हौसा म्हणाली आणि जाळं सारखं करायला लागली.

काशीराम रागावला नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाला, साहेबांनी मलाही सांगितलंय, ही चटई थांबत नाही. चार दिवसांत पिवळी पडेल. तुझ्याकडे चिखल नाही, माझ्याकडे आहे. विचार कर. आणि निघून गेला.

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. हौसाला क्षणभर वाटलं, द्यावा, मोकळं व्हावं. निदान बी तरी फुकट जायचं नाही. पण मग शिमग्यातली ती खळ्यातली बैठक डोळ्यांसमोर आली आणि तिनं पदर खोचला. नांगराला हात लावायचा नाही ना? कुदळीला तर कुणी बंदी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती मळ्यात उतरली. खणायचं, ढेकळं पाण्यात पायानं तुडवायची, हातानं सपाट करायची. वरून पाऊस झोडपत होता, पाठीवरचं इरलं वाऱ्यानं उलटंपालटं होत होतं. दुपार कलली तेव्हा खळ्याएवढा तुकडा तयार झाला. तिनं एक चटई आणली, फाडून फाडून रोपं वेगळी केली आणि लावली. ही एवढी एवढीशी रोपं, करंगळीहून थोडी उंच. रात्रीच्या पावसात पाणी चढलं आणि सकाळी बघते तर अर्धी बुडालेली. हौसानं शिव्या घालत बांध फोडला, पाणी काढून दिलं, वाहून गेलेली रोपं शोधून परत खोचली. हात सोलवटले होते. या गतीनं अर्ध्या चटया तरी खळ्यातच सडणार, हे तिला दिसत होतं, पण ती कुदळ मारतच राहिली.

वाडीतल्या बायका त्या दिवसांत रिकाम्याच होत्या. तरवाच नाही तर लावणी कसली? तुळसा आणि विमला बांधावर येऊन बघत उभ्या राहिल्या. हौसानं कमरेत वाकूनच सांगितलं, दिवसाला दिवस फेडीन, आणि पुढल्या साली तुमच्या खळ्यात चटई घालून दाबायला मी येईन. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि लुगडी वर खोचली. तिघी कंबर धरून ओळीनं चिखल तुडवायला लागल्या, तसं काम सरकलं. तुळसानं नेहमीसारखी रोपांची जाड मूठ लावायला घेतली, तेव्हा हौसानं तिला थांबवलं; दोनतीनच रोपं लाव, साहेबांनी तसंच सांगितलंय, म्हणाली. जन्मभर आम्ही काय चुकीचं लावलं की काय, असं तुळसा पुटपुटली, पण लावली तशी.

आणि तिसऱ्या दिवशी गोदा आली. काशीरामाची बायको! हातात स्वतःच्या घरची कुदळ. हौसा सरळ उभी राहिली.

"भावजींनी पाठवलं तुमाला?"

"त्यांना इचारलं नाय," गोदा म्हणाली. "गेल्या साली कोंबड्या बांधलेल्या होत्या माज्या. दाबायचं मला कुणी सांगितलंच नाय."

एवढंच बोलून ती चिखलात उतरली. वर्षभर पोटात ठेवलेलं ते. तिच्या कुदळीचा घाव सगळ्यांत खोल जात होता.

दुपारी काशीराम बांधावर दिसला. पुढे बैल, खांद्यावर नांगर. त्यानं पाहिलं, मळ्याचा निम्म्याच्या वर भाग हिरवा झाला होता आणि खळ्यातल्या चटया संपत चालल्या होत्या. चटया पिवळ्या पडायच्या भीतीनं हौसा येईल, अशी वाट बघत तो घरी बसला होता, आणि त्या पिवळ्या पडण्याआधीच मळ्यात जात होत्या. अजून दोन दिवस वाट बघितली असती, तर त्याच्या आरशासारख्या खाचरांत बेडूकच पोहले असते. शिवाय त्याची स्वतःची बायको गुडघाभर चिखलात उभी. तिच्याकडे बघून त्यानं न बघितल्यासारखं केलं.

"सरा," तो म्हणाला. "उरलेलं जोतानं करतो. मग राहिलेला तरवा माझ्या खाचरात."

बायका बांधावर चढायला लागल्या. हौसा मात्र बैलांच्या समोरच उभी राहिली. बैल तिच्या तोंडावर फुसफुसत होते. थोरल्या दिराच्या पुढ्यात अशी ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती.

"अर्धलीचं काय, भावजी?"

काशीरामानं कासरा ओढला. म्हणाला, ते आता काय त्याचं, गणपतीला शिवा आला की सांगेन त्याला, मळा तुझा तूच कर म्हणून.

"त्यांना नको," हौसा म्हणाली. "मला सांगा."

पाऊस तेवढ्यात जरा थांबला होता. तुळसा, विमला बांधावरून बघत होत्या. काशीराम इकडे बघे, तिकडे बघे. बाईमाणसाला शेतीचा शब्द द्यायचा, म्हणजे नेमकं कुठे बघून द्यायचा, हेच त्याला कळेना. मळ्यातून गोदाचा आवाज आला.

"बोला की. चिकल आळतोय."

काशीरामाची मान खाली गेली. मग त्यानं ती वर केली आणि हौसाकडे बघूनच म्हणाला, "मळा तुजा. मी परत मागणार नाय."

हौसानं मान हलवली. तुमच्या जोताचे तीन दिवस परवापासून येऊन फेडते, असं तिनं सांगितलं. जोत आधी आणि फेड नंतर, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मग ती बैलांच्या वाटेतून बाजूला झाली आणि राहिलेल्या चटया आणायला खळ्याकडे चालू लागली.